परतीचा परवाना आणि दाऊदभाईंचा अंगठा

वाचता वाचता जरा थांबा आणि डाव्या हाताचा अंगठा उजेडात धरा. बारीक रेघा दिसतील. कुणाच्या मधोमध भोवऱ्यासारख्या फिरलेल्या असतात, कुणाच्या एका अंगाने येऊन वळसा घेऊन त्याच अंगाला परत गेलेल्या. या रेघा तुमच्या एकट्याच्या आहेत. तुमच्या वडिलांच्या नाहीत, जुळा भाऊ असेल तर त्याच्याही नाहीत. त्या कागदावर उतरवून घेण्यात माझा जन्म गेला.

संपादकांनी कामाबद्दल काही लिहा म्हटलं तेव्हा मी हात जोडले. मराठी चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी. अर्जाशिवाय दुसरं काही लिहिलेलं नाही. ते म्हणाले, मग अर्जच लिहा. तेव्हा मेहेरबान वाचकांचे सेवेशी अर्ज ऐसा की, मी श्रीवर्धनच्या बाजारात अर्जनवीस होतो. लोकांचे अर्ज लिहायचे आणि ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घ्यायचे, हा माझा धंदा.

मी मूळचा घाटावरचा, माण तालुक्यातला. माझे मामा बैलांवर मिरच्या आणि गूळ लादून घाट उतरत. वडील गेले त्या वर्षी एका खेपेला ते मला बरोबर घेऊन आले आणि तात्यांच्या ओसरीवर ठेवून गेले. तात्या म्हणजे अलिबागकडे नोंदणी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी मला दोन वेळचं जेवण दिलं, अक्षर वळवून दिलं आणि अंगठा घ्यायला शिकवलं. हे उपकार फिटणारे नाहीत, आणि ते फिटत नाहीत याची धास्ती मला कायम असे. श्रीवर्धन तेव्हा नवाबाच्या संस्थानात. मी इंग्रजी हद्दीतला, म्हणजे परमुलखी. हातून जरा काही चुकलं की वाटायचं, आता हे लोक मला बैलाच्या पाठीवर घालून वर पाठवतात.

लोकांना वाटतं, अंगठा घेणं म्हणजे बोट शाईत बुडवून कागदावर दाबणं. तसं केलं तर कागदावर काळी सुपारी उमटते. काचेच्या तुकड्यावर शाईचा थेंब टाकून तो रुळाने इतका पातळ पसरायचा की खालची काच दिसावी. बोट आधी राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासून धुवायचं, कारण इथल्या माणसाच्या हाताला खोबरेल, मासळी, सुपारीचा डाग, काही ना काही असणारच. मग ते कोरडं करून शाईवर आणि नंतर कागदावर, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अलगद लोळवायचं. ज्याचं बोट आहे त्याने दुसरीकडे बघत उभं राहायचं, हात आपल्या हाती सोडून द्यायचा. तात्या म्हणत, "मळका अंगठा आणि खोटी साक्ष, दोन्ही सारखीच." म्हणून मी घासण्यात कसर ठेवत नसे. गिऱ्हाईकं ओरडत, "अरे घाटी, अंगठा धुतोस का भांडा?"

सगळ्यात कठीण काम म्हणजे माणसाला जोर लावू न देणं. एका कोळ्याचा अंगठा मी सहा वेळा घेतला आणि सहाही वेळा डाग. त्याचं म्हणणं, "जोर लावल्याबिगर पक्का कसा व्हयाचा? उद्या सरकारनं पुसून टाकला म्हंजे?" दुसरा एक गडी भावाच्या अर्जावर स्वतःचा अंगठा द्यायला आला.

"तो तापानं पडलाय. त्याच्या बदली मी देतंय."

"असं चालत नाही," मी म्हटलं.

"न चालायला काय झालं? सख्खा भाऊ हाय. रगत येकच!"

मी त्याला भिंगातून दोन वेगळे अंगठे दाखवले. बराच वेळ बघून तो म्हणाला, "म्हंजे येवढ्या मानसांचे येवढे अंगठे, सगळे येगळे? त्याला दुसरा काय धंदा न्हाय काय?" त्याने वर बोट दाखवलं. मीही वर बघितलं. धंदा शिकून मला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

आता मुख्य हकिगत.

आमच्या किनाऱ्यावरची बरीच मुसलमान मंडळी आफ्रिकेत होती, त्यातली पुष्कळ अगदी दक्षिण टोकाला, केपला. कुणी फळं विकत, कुणी दुकानात, कुणी खानावळीत. तिथे तेव्हा नव्या हिंदी माणसाला दार जवळजवळ बंद झालं होतं. आधीपासून राहत असलेल्यांना कायमच्या वास्तव्याचा हक्क होता, पण त्याला एक अट होती. गावी यायचं तर निघण्यापूर्वी परतीचा परवाना काढायचा आणि त्यावर लिहिलेल्या मुदतीत परत पोचायचं. जास्तीत जास्त तीन वर्षं. मुदत चुकली की हक्क संपला. परवान्यावर माणसाचा फोटो असे आणि अंगठा असे. बंदरात उतरताना पुन्हा अंगठा घेऊन जुन्याशी ताडून बघत.

दाऊदभाई अठरा वर्षं केपला होते. आधी दुसऱ्याच्या फळांच्या गाडीवर, मग स्वतःच्या लहानशा दुकानात. आई अंथरुणाला खिळली म्हणून आले. आई वर्षभराने गेली. मग वाडीची वाटणी, मग विहिरीचं भांडण, असं करत पावणेतीन वर्षं निघून गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. अठरा वर्षांत त्यांनी बायकोच्या, खैरूनबींच्या, सहवासात सगळी मिळून चार वर्षंही काढली नसतील. या खेपेला खैरूनबींना घेऊनच जायचं असं ठरलं होतं. नवऱ्याचा हक्क शाबूत असेल तर बायकोला तिथे येऊन राहता येत असे. म्हणजे एका परवान्यावर दोन माणसांचा संसार होता.

माघ संपत आला होता तेव्हा ते पासपोर्टाच्या अर्जासाठी आमच्या ओसरीवर आले. उंच माणूस, बोलणं हळू. पत्र्याच्या नळकांड्यातून त्यांनी परवाना काढला, तोही मलमलीत गुंडाळलेला. जूनअखेर ही मुदत. मुंबईहून केपला आगबोटीने महिना लागायचा, मुंबईत बोटीची वाट बघावी लागे ती वेगळी, आणि पावसाळ्यात आमचं बंदर बंद. तेव्हा एप्रिल सरायच्या आत निघायलाच हवं होतं.

मी अर्ज लिहिला, अंगठा घासून धुतला आणि लोळवला. कागदावर नुसता करडा ढग उमटला.

मला वाटलं, शाई जास्त झाली. काच पुसली, पुन्हा घेतला. पुन्हा ढग. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी काच पुन्हा पुन्हा पुसायला लागलो.

"बाबू, घाबरू नको," दाऊदभाई म्हणाले. "जोर लावू काय?"

मी भिंग घेऊन त्यांचा अंगठाच बघितला. ओढ्यातला गोटा असतो तसा गुळगुळीत. मग परवान्यावरचा अंगठा बघितला. तिथे एकेक रेघ मोजून घ्यावी अशी.

"दाऊदभाई, तुम्ही हाताने काय काम करता?"

"काम? वाडीत काय काम असतंय? सुपारी सोलतंय."

सुपारी सोलताना वाळलेलं फळ उभ्या पात्यावर फोडायचं आणि अंगठ्याने त्याची खरबरीत साल ओढून काढायची. दिवसाला हजारो. तीन हंगाम त्यांनी तेच केलं होतं. माणूस परत जायची वाट बघत बसला होता, आणि बसल्या बसल्या आपला परतीचा हक्क सालीबरोबर सोलून टाकत होता.

मी आत जाऊन तात्यांना बोलावलं. त्यांनी भिंग लावलं, चष्मा वर केला, पुन्हा भिंग लावलं.

"कागुद तर माज्याकडं हाय," दाऊदभाई म्हणाले. "फोटू हाय. ह्यो तोंड माजा न्हाय काय?"

"तोंड छप्पन्न जणांचं सारखं दिसतं," तात्या म्हणाले. "तिकडे बंदरात ते अंगठा मागतील."

"मंग?"

कागद हरवला तर काय करायचं हे आम्हाला पाठ होतं. अंगठा हरवला तर काय करायचं, हे कुणी विचारलेलंच नव्हतं.

"कचेरीत एक मिठागरवाला येत असे," तात्या शेवटी म्हणाले. "त्याचा हंगामात उमटत नसे आणि पावसाळ्यानंतर उमटे. कातडी परत येते. पण हाताला विश्रांती हवी. आजपासून दाऊदभाई, तुम्ही सुपारीला शिवायचं नाही. सुपारीलाच काय, कशालाच नाही. रोज खोबरेल लावायचं. दर शुक्रवारी इथे या, हा सदू अंगठा घेऊन बघेल."

दर शुक्रवारी नमाज झाला की दाऊदभाई येत. गावात तोवर बभ्रा झाला होता. चांगला धडधाकट माणूस हात मांडीवर ठेवून बसतो आणि बायको त्याच्याही वाटणीची सुपारी सोलते, हे कुणाला दिसणार नाही? लोक ओसरीसमोरून जाता जाता विचारत, "काय दाऊदभाय, मेहंदी लावलीव काय? सुकली न्हाय अजून?" ते हसत. मला म्हणाले, "केळा सोलू देत न्हाय ती मला. माशाचा काटा पन तीच काढते. अठरा वर्सं मी तिला काय दिला न्हाय, आनि आता ती मला लहान पोरावानी भरवते. लाज वाटते रे."

पहिला शुक्रवार, ढग. दुसरा शुक्रवार, ढग. या दोन्ही वेळी तात्या मुलीच्या सासरी म्हसळ्याला गेलेले होते. तिसऱ्या शुक्रवारी ते परत आले आणि माझ्या पाठीशी उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे राख घेतली, काथ्या घेतला आणि दाऊदभाईंचा अंगठा मन लावून घासायला लागलो.

"सदू, काय करतोयस?"

"धुतोय, तात्या."

"गेल्या शुक्रवारीही असाच धुतलास?"

"दर शुक्रवारी. चांगला स्वच्छ."

तात्यांनी माझं मनगट धरलं. "अरे गाढवा, देव आठ दिवस बसून रेघ काढतोय, आणि तू शुक्रवारी ती पुसतोयस!"

मी काथ्या खाली ठेवला. सोळा-सतरा दिवस गेले होते, आणि ते मी घालवले होते. शिकवलं तसंच मी करत होतो. पण ते का करायचं आणि कधी करायचं नाही, हा विचार चौथीपर्यंत कुणी शिकवत नाही आणि पुढे माझा मी शिकलो नव्हतो. मला वाटलं, आता दाऊदभाई माझी मान धरतील. धरली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी आपला अंगठा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "अरे घाटी," ते म्हणाले, "सुपारीनं तीन हंगाम खाल्ले, तू तीन शुक्रवार खाल्लेस. तुजा हिस्सा लहान हाय. चल, पानी आन."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तात्यांच्या पत्नी, काकू, वाढताना म्हणाल्या, "जेव रे. उपाशी राहून त्याचा अंगठा उगवणार आहे का?" त्यानंतर मी कोमट पाणी आणि जुन्या धोतराचं मऊ फडकं, याशिवाय त्या बोटाला काही लावलं नाही. दिवसातून दहा वेळा मीच माझा अंगठा बघायचो.

चौथ्या शुक्रवारी ढगच होता, पण तो जरा विटलेला वाटला. पाचव्या शुक्रवारी कागद उचलला तर एका कडेला ठिपके होते. रेघ नव्हे, नुसते ओळीने ठिपके. मी तात्यांना हाक मारली ती इतक्या मोठ्याने की समोरचा वाणी तराजू टाकून धावला.

सहाव्या शुक्रवारचं मी अजून विसरलेलो नाही. श्रीवर्धनला आल्यावर मी पहिल्यांदा समुद्र बघितला तो ओहोटीचा. पाणी लांब गेलेलं आणि ओल्या वाळूवर त्याच्या बारीक बारीक वळ्या उमटलेल्या, मैलभर. कुणी काढल्या म्हणून मी मामांना विचारलं होतं. त्या शुक्रवारी कागद उचलला आणि तशाच वळ्या समोर आल्या. मधोमध भोवरा, त्याच्या डाव्या अंगाला एक रेघ फुटून दोन झालेली, त्या फाट्याच्या पोटात एक ठिपका. परवाना शेजारी ठेवला. तिथेही भोवरा, डावीकडे फाटा, फाट्याच्या पोटात ठिपका. मी तात्यांना भिंग दिलं. तात्यांनी बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. देवळात सोडून मी त्यांना कधी टोपी काढताना बघितलं नव्हतं.

"हे कुठे लिहून ठेवलेलं असतं रे?" ते माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलले. "वरचं पान फाटलं तर खाली तेच पान. टिंबासकट."

"लिवनारा इसरत न्हाय," दाऊदभाई म्हणाले. त्यांनी दोन्ही हात उघडून समोर धरले, त्यांच्या लोकांत दुवा मागताना धरतात तसे. किती तरी आठवड्यांनी मी त्या हातांना काही करताना बघितलं.

मग खैरूनबींचा अंगठा घ्यायचा राहिला. त्या एका म्हाताऱ्या आत्याबाईला घेऊन आल्या. मी पुरुष, त्यातून परका, आणि अंगठा घ्यायचा तर हात धरावा लागतो. मी शाईची काच घेऊन नुसता उभा. आत्याबाईने बघून म्हटलं, "ह्यो काय करनार, नुसता घामानं भिजनार?"

खैरूनबींनी पदराआडून मला विचारलं, "भाऊ, कसा करतात ता सांगा. माजा मी करतंय."

मी माझ्या बोटाने दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं आणि स्वतःचा अंगठा शाईवर लोळवला, कागदावर लोळवला, अलगद, नखापासून नखापर्यंत. माझ्या धंद्यात इतका हलका हात मी दुसरा बघितला नाही. पण उमटलं काय? तोच करडा ढग, आणि त्यातून आडवा गेलेला पांढरा वण, पात्याचा. दोघांच्या वाटणीची सुपारी त्या अंगठ्याने सोलली होती.

मी तात्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "त्या पहिल्यांदा चालल्यात. त्यांच्या अंगठ्याशी ताडायला तिकडे काही नाही. आहे तो लावायचा. वण आहे, तेवढी खूण पुरे."

खैरूनबी कागदाकडे बघत म्हणाल्या, "ह्यांचा इतका सुंदर आला, आनि माजा असा?" त्यांनी ते हसत म्हटलं. मला हसता आलं नाही.

एप्रिलच्या शेवटाला ते निघाले. किनाऱ्यावरून पडावात बसून खोल पाण्यातल्या आगबोटीपर्यंत जावं लागे. दाऊदभाईंचे दोन्ही हात मऊ फडक्यात गुंडाळलेले. ट्रंका हमालांनी उचलल्या, पानाचा डबा खैरूनबींनी. पडाववाला हात द्यायला लागला तर खैरूनबी ओरडल्या, "हाताला धरू नका, काखेत धरा!" सगळा किनारा हसला. मी हसलो नाही. तिकडे ज्या अंमलदारासमोर हे उभे राहणार, तो भिंग कसा धरतो, त्याच्या मनात काय येतं, माझं काय तिथे चालणार होतं? आमच्या सहा शुक्रवारांची किंमत तो ठरवणार होता.

"पोचल्यावर पत्र पाठवा," मी म्हटलं.

"पत्र नको. लिवनारा चार गोष्टी गोड करून लिवतो," दाऊदभाई म्हणाले. "उतरू दिला तर आमी दोघं अंगठा पाठवू. न्हाय दिला तर कोरा कागुद येल. अंगठा खोटा बोलत न्हाय." मग म्हणाले, "आनि तू रे? तू कदी जानार परत, तुज्या गावाला?"

"जाईन की. मला कुठे मुदत आहे?"

ते मी सहज बोलून गेलो. आता या वयात वाटतं, माझ्याही परतीवर कुणी तीन वर्षं लिहायला हवी होती. मुदत नव्हती म्हणून जाणं राहत गेलं. आई गेल्याचं मला मामांच्या पुढच्या खेपेला कळलं.

पाऊस लागला. बंदर बंद झालं. टपाल डोंगरातून पायी यायचं, तेही भिजून. जून गेला, जुलै गेला. मी अर्ज लिहायचो आणि टपालवाला दिसला की उठून उभा राहायचो. नारळी पौर्णिमेला चार दिवस होते तेव्हा परदेशी तिकिटाचा लिफाफा आला. मी तो हातात धरून बसलो.

"उघड," तात्या म्हणाले. "नाहीतर मी उघडतो."

आत एकच कागद होता, चार घड्यांचा. पहिली घडी उघडली, कोरी. दुसरी उघडली, तीही कोरी. तात्यांनी तोंड फिरवलं. तिसरी घडी मी उघडणारच नव्हतो, पण कागद ओलसर होता, तो आपोआप पसरला.

खाली, अगदी तळाशी, शेजारी शेजारी दोन अंगठे होते.

मी भिंग घेतलं. डावीकडे भोवरा, फाटा, फाट्याच्या पोटात ठिपका. दाऊदभाई. उजवीकडच्या अंगठ्यात आडवा पांढरा वण होता, त्यावरून ओळखला. पण त्या वणाच्या दोन्ही बाजूंनी आता रेघा होत्या. दाट, बारीक, सरळ येऊन वणापाशी तुटलेल्या आणि पलीकडून पुन्हा तिथूनच सुरू होऊन वळसा घेत गेलेल्या. दोन-अडीच महिने त्या हाताने सुपारी सोलली नव्हती.

तात्या विचारत होते, "काय आहे? अरे, बोल की!" मी भिंग उचललं नाही. दाऊदभाईंचा अंगठा मी आठ-दहा वेळा घेतला होता. खैरूनबींचा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो.